'कोयत्या'तली बाई वेगळी मोजा

दिवाळीच्या आसपास आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, पडते नवऱ्याच्या हातात. खाड्याचा दंड मात्र दोघांच्या मजुरीतून. डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. पाळी असो, पोटुशी असो, चढायचेच. कोपीजवळ, म्हणजे तोडणीवाल्यांच्या तात्पुरत्या झोपडीजवळ, ना न्हाणी, ना संडास. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आले की, जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आहे. याला नुसते 'महिला आरोग्य' म्हणून भागणार नाही. जात, भूमिहीनता, स्थलांतर, कर्ज आणि बाईपण एकाच अंगावर कोसळते, तेव्हा हे घडते.

मुक्ता साळवे या १४ वर्षांच्या मुलीने १८५५ साली मांग-महार बायकांच्या उघड्यावरच्या बाळंतपणाबद्दल लिहिले, तेव्हा जात आणि बाईपण वेगळे काढले नव्हते. आपले सरकारी फॉर्म अजून ते वेगळे काढतात. आरोग्यसेविका असताना मीच कित्येक तोडणीवाल्या बायांपुढे व्यवसाय म्हणून 'गृहिणी' लिहिले. त्याची आजही टोचणी आहे.

शासनाने प्रत्येक ऊसतोड बाईची स्वतंत्र नोंद करावी, मजुरी तिच्या खात्यात जमा करायला लावावी. अभ्यासकांनीही प्रश्नावली ठरवण्याआधी कोपीवर बसून तिच्याशी बोलावे, नवरा आणि मुकादम समोर नसताना.

– एक निवृत्त आरोग्यसेविका, बीड