जीआय मिळालं, आता जवारीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 च्या मार्चअखेर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आणि तेव्हापासून पेपरात, टीव्हीवर अधूनमधून या विषयावर काही ना काही येतच असतं. बातमी साधारण ठरलेली. सतारमेकर गल्लीचा फोटो, छताला टांगलेले भोपळे, एखादे आजोबा दांडीवर नक्षी करतायत, आणि मग बनावट मालाला आळा बसणार, परदेशातून मागणी वाढणार, संपलं. चांगलंच आहे, कौतुक व्हायलाच पाहिजे, पण मी सांगलीत गाण्याचा छोटासा क्लास घेते, घरात दोन तंबोरे आहेत, त्यामुळे त्या गल्लीत वरचेवर जाणं होतं आणि दरवेळी हेच वाटतं की ही मंडळी जवारीबद्दल एक अक्षर कसं लिहीत नाहीत?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तंबोऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, जी घोडी असते, जिच्यावरून चारही तारा जातात, ती वरून बघितली तर सपाट वाटते, पण ती सपाट नसते, तिला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उताराला हलकीशी घासत थरथरते आणि म्हणून नुसता एक टणक स्वर न येता तो झंकार येतो, खर्ज, म्हणजे खालचा सा, नीट लागला की त्याच्यातून गंधार, म्हणजे ग, आपोआप ऐकू यायला लागतो, स्वयंभू गंधार म्हणतात तोच. हा उतार काढणं म्हणजे जवारी. त्याला मोजमाप नाही, साचा नाही, मशीन नाही. वाजवून वाजवून तारांनी घोडीवर घरं, म्हणजे खाचा, पडतात, मग आवाज बसका होतो नाहीतर पत्र्यासारखा किरकिरायला लागतो, की चला परत मिरजेला.

हे काम चालू असताना एकदा शेजारी बसून बघाच. कारागीर तारा सैल करून बाजूला सारतो, कानस दोन-तीन वेळाच फिरवतो, वरची भुकटी फुंकून टाकतो, तार परत जागेवर, छेडली, ऐकली, परत सैल. मध्येच कोणी चहा घेऊन येतं, रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, शेजारच्या दुकानात कोणीतरी हार्मोनियम तपासतंय, आणि हा माणूस त्या सगळ्यातून एकाच तारेचा एकच स्वर वेगळा काढून ऐकत असतो. तार बरी बोलायला लागली की मग तिच्याखाली दोरा सरकवायचा, तोही केसभर पुढे केसभर मागे, आणि एका ठिकाणी तंबोरा असा काही उघडतो की आपण बोलत असलो तर बोलणं थांबतं. एक कण जास्त घासला गेला तर मात्र सगळी घोडी परत पहिल्यापासून. चारही तारांची जवारी एकसारखी यायला हवी हे वेगळंच, आणि तुमची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, काळी चार आहे की पांढरी दोन, पुरुषी आवाजाचा मर्दानी तंबोरा आहे की बायकांचा जनानी, त्यावर सगळं बदलतं.

आणि आपण काय करतो, तर त्याने पैसे सांगितले की म्हणतो "अहो, नुसतं घासायचंच तर आहे!" मी हे वाक्य त्या दुकानांत चांगल्या शिकल्यासवरलेल्या, गाडीतून उतरलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. कात्रीला धार लावून घेतल्यासारखा भाव करतात. गंमत म्हणजे या घराण्यांचे पूर्वज खरोखरच धार लावणारे होते, तलवारी-भाल्यांना धार लावणारे शिकलगार. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं आणि 1850 च्या आसपास फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला, पुढे नवीन वाद्यं करायला लागले, पटवर्धन संस्थानिकांचा आधार होता. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे औषधपाण्याच्या निमित्तानेही मोठेमोठे गवई येऊन राहायचे. विष्णु दिगंबर पलुस्कर डोळ्यांच्या उपचारासाठी आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले, अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेचेच झाले, 1937 साली गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी संगीत सभा होते. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत जाणकार होते. एवढा मोठा गवई हातात कानस धरायला कमीपणा मानत नव्हता, आणि आपल्याला ते नुसतं घासणं वाटतं.

मूळ मुद्दा असा की जीआय हा मालाला मिळतो, वस्तूला. जवारी ही वस्तू नाही, मजुरी आहे, तिला कुठला टॅग लागणार? बरं वस्तूचं तरी सरळ आहे का, तर तेही नाही. नोंदणी संस्थेच्या नावावर असते, सतारीची एका क्लस्टरच्या, म्हणजे वाद्य उत्पादकांच्या गटाच्या, आणि तंबोऱ्याची दुसऱ्या एका उत्पादक फर्मच्या, आणि प्रत्यक्ष कारागिराला ते नाव अधिकृतपणे वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते, नोंदणी 10 वर्षांची, नंतर नूतनीकरण. ज्यांचं मोठं दुकान आहे, मुलगा कॉम्प्युटरवर बसतो, ते करतील. दहा बाय बाराच्या खोलीत एकटा बसून दुसऱ्यांच्या दुकानासाठी तुकड्यावर काम करणारा माणूस फॉर्म भरत बसणार आहे का? त्याच्या दारात जाऊन कोणीतरी तो भरून द्यायला पाहिजे, एवढं तरी जिल्हा उद्योग केंद्राने मनावर घ्यावं. हे सगळे धरून साडेचारशेच्या आसपास कारागीर आहेत असं बातम्यांत आलं होतं, एवढ्यांच्या दारात जाणं काही अशक्य नाही.

कच्च्या मालाचंही थोडं लिहिते कारण तेही कोणी नीट सांगत नाही. तंबोऱ्याचा भोपळा हा भाजीचा भोपळा नव्हे, कडू असतो, तो येतो मंगळवेढा-पंढरपूरकडून, सालीला जाडी पाहिजे, घेर पाहिजे, डाग नको, आणि वेलावरून काढल्यावर कित्येक महिने वाळवावा लागतो. मग कापून, पाण्यात भिजवून, आतला गर खरवडून, मऊ असतानाच आतून काठ्यांचा ताण देऊन तोंड रुंद करतात. ऐन वाळवणीत अवकाळी आला की गेला माल. आता शेतकऱ्याने उसाला पाणी द्यायचं सोडून हे असलं फळ का लावावं, जे खाताही येत नाही आणि ज्याचं गिऱ्हाईक म्हणजे मिरजेतली मोजकी घरं! त्याला दोष देण्यात अर्थ नाही. लाकूड कर्नाटकातून येतं, त्याचे भाव वेगळे. घोडीला पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग चालायचं, ते बंद झालं ते बरंच झालं, आता हाड, काळं लाकूड, नाहीतर फायबर. फायबरच्या घोडीला लोक नाकं मुरडतात, पण हात चांगला असेल तर तीही छान बोलते, हे मी माझ्याच घरच्या तंबोऱ्यावर ऐकतेय.

ॲपवरच्या तानपुऱ्याला माझा विरोध नाही, आधीच सांगते, नाहीतर लोक लगेच अंगावर येतात. बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, ते स्वतः बासरीवादक, त्यांनी काही कोणाच्या पोटावर पाय द्यायला काढला नव्हता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, एसटीने क्लासला येणाऱ्या पोरीने पाच फुटी मर्दानी तंबोरा आणावा कसा? मोबाईलच बरा. पण गाण्याच्या संस्थांनीही, ज्यांच्याकडे जागा आहे, कपाटात आजोबांच्या काळातल्या मिरजेच्या जोड्या आहेत, त्यांनीसुद्धा ब्लूटूथ स्पीकर लावून मोकळं व्हावं हे मात्र पटत नाही. एका संस्थेत, नाव नको, चांगली जुनी जोडी गवसणीत घालून ठेवलेली बघितली, उघडली तर खुंट्या फुगून घट्ट बसलेल्या, एका भोपळ्याला तडा, घोडीवर बोटभर धूळ. तडा काही मोठी गोष्ट नाही, आतून कापडाची पट्टी डकवून मिरजेत सहज निघतो. पण मिरजेला पाठवायला बजेटमध्ये हेडच नाही म्हणे! स्टेजच्या फुलांना आहे, शाली-श्रीफळांना आहे, तंबोऱ्याला नाही.

आणि याचा परिणाम असा होतो की नवीन सतारी वर्षाकाठी दोन-चार जास्त विकल्या गेल्या तरी तेवढ्यावर गल्लीत पोरं टिकत नाहीत. रोजचं मीठ-मिरची सुटतं ते दुरुस्तीवर, जवारीवर, तारा बदलण्यावर. ते काम आटलं की पोरगं एमआयडीसीत जातं, जाणारच, पगार एक तारखेला होतो. शिवाय जवारीचा कान एका सीझनमध्ये तयार होत नाही, वर्षानुवर्षं वडिलांच्या किंवा चुलत्यांच्या शेजारी बसून रोज वाईट जवारी आणि चांगली जवारी ऐकावी लागते, आणि त्यासाठी दुकानात दुरुस्तीचे तंबोरे यायला लागतात. तंबोरेच आले नाहीत तर पोरगं शिकणार कशावर?

म्हणून सरकारने योजना करायचीच असेल तर नवीन वाद्यांच्या प्रदर्शनाला स्टॉल देण्याबरोबर एवढं करावं, की जो कारागीर घरच्या किंवा बाहेरच्या पोराला जवारी शिकवतोय त्याला आणि त्या पोराला, दोघांनाही दरमहा काही विद्यावेतन द्यावं. बाहेरच्या पोराला मुद्दाम म्हणतेय, कारण पुढे हे काम फक्त घराण्यातल्यांच्या जिवावर चालेल असं वाटत नाही, आणि मुलींनाही यात यायला काय हरकत आहे, कान काय फक्त पुरुषांना असतात? अनुदान घेणाऱ्या संगीत संस्थांना आणि विद्यापीठांच्या संगीत विभागांना वर्षातून एकदा वाद्यदुरुस्तीचं बिल जोडायची अट घालावी. पैसा फार लागत नाही.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं. पुढच्या वेळी तुमचा वार्ताहर त्या गल्लीत गेला की त्याला लटकलेल्या भोपळ्यांचे फोटो नका काढायला सांगू, ते भरपूर झाले. त्याला म्हणावं जवारी चालू असलेल्या एखाद्या दुकानात अर्धा दिवस बस, जवारी कोण कोण करतं, त्यांची वयं काय, हाताखाली कोणी आहे का, हे विचार आणि छाप. पावसाळा संपला की गायक मंडळी मैफलींच्या सीझनआधी तंबोरे घेऊन येतात, तेव्हा पाठवलात तर जास्त बरं.

आपली,
एक वाचक, सांगली