घोटीच्या उस्तादांना, एका वॉशरबद्दल

उस्ताद, नमस्कार.

त्या रात्री तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत आणि मीही तुमचं विचारायचं विसरलो. लासलगावहून कांदा भरून वाशीला निघालेला, बेल्टच्या किंचाळण्याने वैतागलेला ट्रकवाला म्हटलं की ओळखाल.

बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नवा बसवला तेव्हापासून ही चूंचूं. गॅरेजवाला म्हणाला, बेल्ट ताणून धरणारा टेन्शनर गेला, बदलला. आवाज तसाच. मग बेल्ट बदलला. दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, वर कडेची सुतं निघालेली. पुढे कसारा घाट. तिथे बेल्ट तुटला असता तर वॉटर पंप बंद, इंजिन तापलेलं, चार्जिंग नाही आणि हेडलाइट नुसत्या बॅटरीवर. म्हणून घोटीलाच गाडी बाजूला घेतली.

आता हेही नवा टेन्शनर सांगणार, असं वाटलं होतं. तुम्ही मागितलीत पाण्याची बाटली! चालू इंजिनवर बेल्टच्या खाचांवर जरासं पाणी मारलंत. आवाज गेला आणि लगेच परत आला. "ताण कमी असता तर पाण्याने आणखी बोंबलला असता. हा गप्प होऊन परत बोलला, म्हणजे लाईन गेलीय." हे वाक्य मी तेव्हापासून चार-पाच जणांना ऐकवलंय, तेही माझंच असल्यासारखं. माफी असावी.

मग इंजिन बंद करून, बेल्ट ज्यांवरून फिरतो त्या पुल्यांच्या तोंडावर लोखंडी पट्टी धरलीत. बाकी सगळ्या एका लाईनीत, अल्टरनेटरची पुली तेवढी पुढे आलेली. ब्रॅकेटमागे कुणीतरी जादा वॉशर घातला होता! वाकड्या धावणाऱ्या बेल्टला सावरता सावरता टेन्शनर थरथरत होता आणि बदली मात्र त्याचीच झाली. काढलेला जुना माझ्या टूलबॉक्समध्येच होता. तो हातात घेऊन, मला टॉर्च धरायला लावून दाखवलात: स्प्रिंग ताठ, बेअरिंगचा आवाज नाही. "चांगलाय, टाकू नका."

मी काही पहिल्यांदा गाडी चालवत नाही. अल्टरनेटर बसवल्यावरच आवाज सुरू झाला, तर संशय आधी तिथेच जायला हवा होता. गेला नाही.

मजुरी घेतलीत ती वॉशर काढण्याची. मला विकायला दुकानात टेन्शनर होता, तो फळीवरून खालीसुद्धा घेतला नाहीत. चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. पुढच्या खेपेला उन्हाळ कांद्याची गोणी घेऊन येतोय, नको म्हणायचं नाही.