साकाईच्या सुरीला निसणा हवाच

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत दिवाळीच्या भेटवस्तूंवर लेख होता. हाताने घडवलेली जपानी सुरी भेट द्या, असं त्यात सुचवलंय आणि पुढे लिहिलंय, की ही सुरी एकदा घेतली की आयुष्यभर धार लावायला नको. हे वाक्य चूक आहे. त्यावर विसंबून कुणी सात-आठ हजारांची सुरी घेतली, तर वर्षभरात ती बोथट होऊन खणात जाऊन पडेल. माझी सुरी तर त्याहून वाईट अवस्थेतून वाचली आहे, म्हणून लिहायला बसले.

डोंबिवलीत माझं पोळीभाजी केंद्र आहे, 22 वर्षं झाली. रोजचा दहा-बारा किलो कांदाच असतो, बाकीच्या भाज्या वेगळ्या. हे सगळं चिरणं विळीवर व्हायचं. गुडघे गेले आणि विळीवर बसणं बंद झालं. ओट्याशी उभं राहून चिरायला लागले, पण सुरी काही हाताला बसेना. बाजारातली पातळ पत्र्याची सुरी टोमॅटोच्या सालीवरून घसरायची, मग जोर लावावा लागायचा, आणि जोर लावला की ती बोटावर यायची.

लेक ओसाकाला नोकरी करते. नोव्हेंबर 2023 मध्ये तिच्याकडे गेले, तेव्हा ती मला शेजारच्या साकाई शहरात घेऊन गेली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात पोचली, तिची पानं कापायच्या सुऱ्या या गावात होऊ लागल्या. त्या इतक्या चांगल्या निघाल्या, की पुढे तिथल्या शोगुन सरकारने, म्हणजे लष्करी राज्यकर्त्यांनी, त्यांना खास शिक्का दिला. आजही तिथे एक सुरी सहसा एकाच माणसाच्या हातून पुरी होत नाही. लोहार पातं घडवतो, धार काढणारा वेगळा असतो आणि मूठ बसवणारा तिसरा. प्रत्येकाची पिढीजात कामं आहेत.

आम्ही लोहाराच्या कामाच्या जागी तासभर उभ्या होतो. पुरणपोळीत पुरण असतं तसं त्या पात्यात मधोमध कडक पोलाद आणि दोन्ही अंगांना मऊ लोखंड असतं. तापवून, यांत्रिक घणाखाली ठोकून ते एकजीव करतात. धारेशी तेवढं आतलं पोलाद उघडं राहतं. पाणी द्यायच्या आधी, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करायच्या आधी, त्याला चिखल फासला आणि आतले दिवे मालवले, कारण भट्टीतल्या पात्याचा लाल रंग अंधारातच नीट कळतो. त्या रंगावरूनच तो लोहार वेळ ओळखत होता. पातं पाण्यात गेलं तो चर्र आवाज माझ्या अजून कानात आहे. आपल्याकडेही पोलादाला ‘पाणी देणं’ म्हणतात आणि धार लावण्याला ‘पाजवणं’ म्हणतात. तिथे उभं राहून ते शब्द मला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

मी घेतली ती ‘पेटी’ सुरी. हा शब्द फ्रेंचमधल्या ‘पेती’वरून, म्हणजे लहान या अर्थाच्या शब्दावरून, जपानीत गेला. पातं 15 सेंटिमीटर, दोन्ही बाजूंनी धार, अठपैलू लाकडी मूठ आणि मुठीच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाची काळी कडी. 13,000 येन पडले, तेव्हाच्या भावाने सव्वासात हजार रुपयांच्या आसपास. पोलाद ‘आओगामी’, म्हणजे निळा कागद. पोलाद निळं नसतं. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्यात ते ज्या कागदात गुंडाळत, त्या कागदाचा तो रंग. स्टेनलेस नाही, त्यामुळे गंजतं. हे दुकानदाराने लेकीला तीनदा सांगितलं आणि लेकीने मला तीनदा.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात कांदा जरा काळपट दिसायचा आणि पात्यावर निळसर-करडे डाग पडत गेले. घाबरायचं कारण नाही. आईची लोखंडी विळी आठवली तर कळेल. वांगं, कच्चं केळं चिरलं की तीही अशीच काळवंडायची, म्हणून चिरलेलं वांगं लगेच पाण्यात टाकायचे. हा थर बसला की सुरी शांत होते. मात्र लिंबू, कैरी, टोमॅटो चिरल्यावर ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचीच. कांदा तर असा चिरतो, की पाकळी चिरडत नाही आणि पाटावर पाणी सुटत नाही. मदतीला येणाऱ्या बाईंच्या डोळ्यांना पूर्वीएवढं पाणी येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं.

सहा-सात महिन्यांनी धार उतरली. इतक्या कांद्यावर कुठलीही धार उतरणारच. कोपऱ्यावर सायकलवर चाक घेऊन धारवाले येतात; विळ्या, कात्र्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच देते. सुरीही दिली. ठिणग्या उडाल्या, दोन मिनिटांत काम झालं. हातात घेतली तर धारेच्या कडेला दोन बोटं लांबीचा निळा पट्टा उमटला होता. तेव्हा कळलं नाही. चार दिवसांत तेवढ्याच भागाची धार पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. लेकीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, तिने साकाईच्या त्या दुकानात जाऊन विचारलं. या पोलादाला पाणी दिल्यावर पुन्हा जेमतेम दीडशे-दोनशे अंशांपर्यंत तापवतात आणि तिथेच थांबतात. कोरड्या चाकावर कड तीनशेच्या घरात गेली की पोलाद निळं पडतं आणि दिलेलं पाणी उतरतं. धारवाल्यांचा यात दोष नाही. त्यांचं चाक विळीसाठी, कात्रीसाठी आहे. सुरी मी दिली.

मग लेकीने निसणे, म्हणजे ओले करून धार लावायचे दगड, पाठवले: एक भरड 220 नंबरचा, एक मध्यम 1000 चा, एक बारीक 6000 चा. निळा भाग घासून काढायला मला सहा संध्याकाळी लागल्या आणि पात्याची दोन मिलिमीटर रुंदी गेली. सहाव्या दिवशी पुन्हा पांढरं पोलाद दिसलं, तेव्हा हात थरथरत होते.

आता दर पंधरा दिवसांनी मी स्वतः पाजवते. हजार नंबरचा निसणा बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवायचा. पातं निसण्यावर ठेवून त्याची पाठ एवढीच उचलायची, की खाली करंगळीचं टोक जेमतेम शिरेल. तोच कोन धरून पुढे-मागे, न घाई करता. निसण्यावर राखाडी रेंदा येतो तो धुऊन टाकायचा नाही, धार तोच काढतो. पलीकडच्या बाजूने अंगठा आडवा फिरवला की बारीक खरखर लागते. ती टोकापासून मुठीपर्यंत सलग लागली, की बाजू बदलायची. मग सहा हजार नंबरच्या निसण्यावर हलका हात. शेवट वर्तमानपत्राच्या घडीवर, पाठीकडे ओढत आठ-दहा वेळा. काही जपानी घरांतही हा शेवटचा हात वर्तमानपत्रावर देतात. माझ्याकडे त्यासाठी आपला अंक असतो. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे आणि मला ते देवाची भांडी घासण्याइतकंच आवडतं.

लेखात न आलेल्या आणखी काही गोष्टी. या सुरीने नारळ फोडायचा नाही, हाडं तोडायची नाहीत, फ्रीझरमधलं गोठलेलं काही कापायचं नाही. लाल भोपळ्यात रुतवून पिळली तर धारेचा टवका उडतो. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरायचं नाही, लाकडी पाट घ्यावा. आणि ऑनलाइन ‘जपानी हस्तनिर्मित’ म्हणून लाटांच्या नक्षीच्या सुऱ्या मिळतात, त्या जरा बघून घ्याव्यात. शेजारणीच्या सुरीवरची नक्षी तारेच्या घासणीने निघून गेली. तीन थरांच्या खऱ्या पात्यावर धारेच्या वर पोलाद आणि लोखंड यांच्या सांध्याची रेघ दिसते. ती थोडी वेडीवाकडी असते आणि घासून जात नाही.

आपल्याकडे शिकलगार तलवारी पाजवत, त्यांच्यातली काही कुटुंबं आजही धारेचं काम करतात. ओल्या निसण्यावर हाताने धार लावून देणारे कुणी कुठे असतील, तर त्यांच्याबद्दल छापा. माझ्यासारख्या बऱ्याच जणींना पत्ता हवा आहे.

आणि लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती लोकांची दिवाळीची खरेदी होण्याआधी छापावी, ही कळकळीची विनंती. सुरी सुचवाल तिथे हजार नंबरचा निसणाही सुचवा. भेट द्यायची तर दोन्ही एकाच खोक्यात द्यावीत.

आपली,
एक नियमित वाचक, पोळीभाजी केंद्रचालक
डोंबिवली (पूर्व)