आचारसंहितेवर सही घेतली, बिलाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उद्योगातल्या नीतिमूल्यांवरची तुमची पुरवणी काल सकाळी चहाबरोबर वाचायला घेतली आणि चहा तसाच राहिला. छपाई सुंदर आहे, वादच नाही. सगळे साहेब लोक हेल्मेट घालून हसताहेत, मागे झाडं आहेत, सचोटी-पारदर्शकता सगळं जागच्या जागी आहे. दुसऱ्या पानावर तर 'पुरवठादार हे आमचं कुटुंबच' असंही छापलंय. त्या कुटुंबातलाच मी एक, म्हणून हा पत्रप्रपंच.

वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे. बुश आणि पिना बनवतो. फोटोतल्याच एका कंपनीला बऱ्याच वर्षांपासून माल देतो. नाव लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या महिन्याचं शेड्यूल, म्हणजे मालाची मागणी, येणार नाही, आणि जाहिरातींचं बघता तुम्हीही ते छापाल असं वाटत नाही.

मध्यंतरी या कंपनीने आमच्याकडून 'पुरवठादार आचारसंहिता' म्हणून एक जाडजूड कागद सही करून घेतला. प्रत्येक पानावर सही आणि शिक्का. मग पुण्याहून एक ऑडिटर आले. सभ्य माणूस, बूट बाहेर काढू का म्हणून विचारणारा. त्यांनी अग्निशामक सिलिंडरवरची तारीख बघितली, प्रथमोपचाराची पेटी उघडून बँडेज मोजले, पोरांची आधार कार्डं बघितली. याला माझी अजिबात ना नाही. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे याच वाळूजमध्ये हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागून आत झोपलेले सहा कामगार गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. सिलिंडर बघितलंच पाहिजे.

पण पुढचा प्रश्न असा, की कामगारांचा पगार ७ तारखेच्या आत होतो का? पीएफ १५ तारखेच्या आत भरता का? मी म्हटलं, साहेब, भरतो, पण कॅश क्रेडिट खात्यातून, व्याज देऊन. कारण तुमच्याच कंपनीकडे दिवाळीच्या आधीचं बिल अडकलंय आणि आता संक्रांत झाली. त्यांनी पेन थांबवलं, फॉर्म वर-खाली बघितला आणि म्हणाले, "पेमेंट आमच्या स्कोपमध्ये येत नाही." मग चहा घेतला आणि गेले. ऑडिटमध्ये मला 'उत्तम' शेरा मिळाला. बिल मात्र होळीला मिळालं, तेही रिजेक्शनची एक डेबिट नोट लावून, म्हणजे नाकारलेल्या मालाचे पैसे कापून. रिजेक्ट झालेला माल परत पाठवा म्हटलं तर तो सापडेना. लाइनवर लागून गाडीत बसून गेला असावा, असं आमचा सुपरवायझर म्हणतो.

कायदा नाही असं नाही. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यात स्वच्छ लिहिलंय, की लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं पेमेंट ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. नेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. हे व्याज मागून पुन्हा त्याच कंपनीची ऑर्डर मिळालेला माणूस मला एकदा भेटायचा आहे. याच कायद्याखाली नेमलेल्या सरकारी परिषदेकडे तक्रार करता येते, ९० दिवसांत निकाल लागावा असंही कायदा म्हणतो. पण तक्रार करायची म्हणजे गिऱ्हाईक सोडायचं, एवढं वाळूजच्या शेंबड्या पोरालाही कळतं.

मग सरकारने आयकराच्या कलम ४३ब मध्ये दुरुस्ती केली. छोट्यांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च कंपनीला त्या वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा मिळणार नाही, जेव्हा द्याल तेव्हाच मिळेल. ही २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. आम्ही खूश! आता तरी मार्चच्या आत चेक येईल. आला तो परचेसमधल्या पोराचा फोन. पोरगं चांगलं आहे, आपल्या बीडकडचंच, मला काका म्हणतं. म्हणालं, "काका, ते उद्यमचं सर्टिफिकेट तेवढं सरेंडर करून टाका की. वरून सांगितलंय. नाहीतर पुढच्या शेड्यूलचं मला काही सांगता येणार नाही." उद्यम म्हणजे मी छोटा उद्योग असल्याची सरकारी नोंद. म्हणजे पैसे वेळेवर देण्यापेक्षा मी छोटा आहे हे कागदावरून पुसणं सोपं! मी केलं नाही. शेड्यूल निम्म्यावर आलं. त्याच महिन्यात कंपनीच्या गेटवर सचोटीचा नवा फलक लागला, मोठा, दोन भाषांत.

पुरवणीत कंपनीच्या हेल्पलाइनचंही कौतुक आहे, गैरप्रकार कळवा, नाव गुप्त राहील. मी फोन लावला होता. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, पेमेंटसंबंधी तक्रार असेल तर आपल्या खरेदी अधिकाऱ्याशी संपर्क साधावा. म्हणजे फिरून काका म्हणणाऱ्या पोराकडेच.

इकडे बिलाचे पैसे आलेले असोत वा नसोत, मला त्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावाच लागतो. लोखंडाचे बार विकणारा व्यापारी माल रोखीनेच देतो. ऑपरेटर ७ तारखेला सकाळीच "मालक, आज होईल ना?" म्हणत मशीनपाशी उभा असतो, रांजणगावच्या खोलीचं भाडं त्याला द्यायचं असतं. आचारसंहितेनुसार त्याला वेळेवर पगार देणं ही माझी नैतिक जबाबदारी आहे. आहेच. पण या कुटुंबात नीतीचा नियम धाकट्यालाच का, एवढं त्या हसणाऱ्या साहेबांपैकी कुणीतरी सांगावं.

आणि कृपा करून शाळेच्या रंगवलेल्या भिंतीचे आणि पाण्याच्या टाकीचे फोटो 'दातृत्व' म्हणून छापू नका. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावेच लागतात. ते चांगलंच आहे, गावाला टाकी मिळाली. पण कर भरला म्हणून माझा फोटो तुम्ही कधी छापला नाहीत.

तुमच्या वार्ताहराने एक करावं. मोठ्या कंपन्यांना छोट्या पुरवठादारांची ४५ दिवसांपुढची थकबाकी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या अखेरीस सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते. पुरवणीतल्या कंपन्यांना विचारा, गेल्या वेळी त्यांनी काय भरलं. छापा ते. मी ते पान फ्रेम करून वर्कशॉपमध्ये लावीन.

जाता जाता एक. ही पुरवणी म्हणजे जाहिरात आहे, हे शेवटच्या पानाच्या तळाशी चष्मा लावूनही दिसणार नाही अशा अक्षरांत का टाकलंत? पारदर्शकतेवरची पुरवणी ना ती? आणि तिच्यासाठी कालचे मोंढ्याचे भाव गाळलेत. माझा धाकटा भाऊ गंगापूरला शेती करतो, तुमचा पेपर तो तेवढ्यासाठीच घेतो. लासूरला मका काय भावाने गेला हे त्याला कालच हवं होतं, ट्रॅक्टर भरून ठेवला होता. निदान उद्याच्या अंकात दोन्ही दिवसांचे भाव एकत्र द्या.

आपला,
एक लघुउद्योजक,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर
(पत्र छापल्यास नाव देऊ नये, ही विनंती.)