वहीची पानं पाठव

ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "कॅसेटींचं कुठवर आलं?" मी "चाललंय" म्हणालो आणि विषय बदलला. चाललंय हे खरं आहे, पण त्यात दोन गोष्टी कबूल करायच्या आहेत आणि एक मागायची आहे. फोनवर बोलताना तू मध्येच बाबांना हाक मारतेस आणि माझं राहून जातं, म्हणून हे पत्र.

तुझ्याकडच्या गाण्यांच्या ९६ कॅसेटींपैकी ७१ कॉम्प्युटरवर उतरवून झाल्या. विमानतळावरच्या यंत्रातून जाताना आवाज पुसला जाईल अशी तुला धास्ती होती. तसं काही झालेलं नाही. टेपला भीती लोहचुंबकाची. क्ष-किरणांनी तिचं काही बिघडत नाही. पुडक्यांभोवती तू गुंडाळलेली सगळी फॉइल वाया गेली, एवढंच.

या कामाला घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटं लागतात, त्यात कुठलीही युक्ती नाही. रोज रात्री एक लावतो आणि बसतो. जुना कॅसेट डेक मिळवला, त्याचं टेप वाचणारं हेड आणि रबरी रोलर कापूस आणि स्पिरिटने पुसून घेतला, तरी पहिल्या आठवड्यात सगळं भिंतीपलीकडून ऐकू यावं तसं दबलेलं येत होतं. टेप म्हातारी झाली असं मी धरून चाललो होतो. दोष निघाला हेडच्या कोनाचा. भरताना हेड जितकं तिरकं होतं, तितकंच वाजवतानाही असावं लागतं; केसभर फरक पडला तरी वरचे सूर गळतात. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवत गेलो आणि एका जागी शब्दांतले "स" आणि "श" एकदम लखलखीत झाले. गंमत म्हणजे तू घरच्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या सगळ्या कॅसेटींचा तिरकेपणा एकच आहे. एकदा जुळवलं की पुढच्या सगळ्या बिनतक्रार वाजतात. विकतच्या मात्र प्रत्येकीचे नखरे वेगळे.

तू नेहमी साठचीच कॅसेट मागायचीस, नव्वदची नको म्हणायचीस. तेव्हा ती मला तुझी काटकसर वाटायची. तेवढ्याच डबीत जास्त टेप बसवायची तर ती पातळच करावी लागते, आणि पातळ टेप लवकर ताणली जाते, गुंतते. तुझ्या साठच्यांतली एकही गुंतली नाही. पाचसहा जणींचा आतला नमद्याचा तुकडा तेवढा गळून पडला होता, त्यांची टेप दुसऱ्या डबीत घालून वाजवली.

सुरुवातीला मी आणखी एक शहाणपणा केला. एका प्रोग्रॅमने मागची सरसर काढून टाकली. सरसर गेली, आणि तिच्याबरोबर तानपुऱ्याची जवारीही, तारांची ती झणझण, गेली! कॉम्प्युटरला दोन्ही सारखीच वाटली असावीत. तेव्हापासून मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी ठेवतो, काही साफसफाई करायची ती तिच्या नकलेवर.

आता पहिली कबुली. तुझ्या त्या चाळीस सीडी मी इकडे आणल्या होत्या, आठवतं? "कॉम्प्युटरवर घेतल्यात, आता डबे कशाला सांभाळायचे" असं तुला सांगून त्या देऊनही टाकल्या. घेतल्या होत्या हे खरं. पण तेव्हा हार्ड डिस्क लहान होती, म्हणून सगळ्यांच्या १२८ किलोबिटच्या एमपी३ फाइली केल्या. सीडीवर दर सेकंदाला १४११ किलोबिट आवाज असतो. मी ठेवला १२८, म्हणजे अकरा भागांतला जेमतेम एक. कानाला जे जाणवणार नाही ते गाळायचं, हे एमपी३चं तत्त्व, आणि ते बेताने वापरलं तर छान चालतं. १२८ला मात्र टाळ्यांचा कडकडाट पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा येतो आणि तानपुरा पाण्याखालून. एकदा गाळलेलं परत आणता येत नाही. त्याच फाइलची मोठी फाइल करता येते, पण ते झेरॉक्सची झेरॉक्स मोठ्या कागदावर काढण्यासारखं आहे. त्या चाळीसपैकी बावीस मी पुन्हा शोधून घेतल्या. अठरा अजून सापडल्या नाहीत. त्यांची नावं सांगायचा धीर होत नाही, पुढच्या वेळी समोर बसून सांगेन.

आता सगळं फ्लॅकमध्ये ठेवतो. २००१ सालापासून असलेली ही पद्धत, फुकट आणि खुली. यात आवाज घडी घालून ठेवतात, कापत नाहीत. उलगडला की बिट न् बिट तोच. जागा मूळच्या साधारण निम्मी ते दोन तृतीयांश लागते. खरं सांगायचं तर ३२०ची एमपी३ आणि फ्लॅक डोळे मिटून ऐकवल्या तर मला फरक ओळखता येत नाही. मी तशी परीक्षा घेतली स्वतःची, साफ नापास झालो. जे इंटरनेटवर छातीठोकपणे फरक सांगतात त्यांचीही एकदा घ्यावी. तरी फ्लॅकच ठेवतो, कारण उद्या दुसरी एखादी पद्धत आली तर फ्लॅकवरून तिच्यात काही न गमावता जाता येईल, एमपी३वरून नाही. तुझ्या मोबाइलसाठी मी त्यातूनच छोट्या फाइली काढून पाठवतो.

ताई म्हणते, एवढा खटाटोप कशाला, सगळं मोबाइलवर मिळतं. मिळतं, आणि मीही ऐकतो. पण गेल्या वर्षी माझ्या यादीतली सात गाणी एका सकाळी करडी पडली. नावं दिसतात, वाजत नाहीत. कंपन्यांमधला करार संपला की असं होतं, आणि आपल्याला कुणी विचारत नाही. शिवाय तू रेडिओवरून भरून घेतलेलं कुठल्या मोबाइलवर मिळणार?

साठवणुकीतही एकदा तोंडावर आपटलो. दोन डिस्क जोडून ठेवल्या होत्या, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जाईल अशा. एक बिघडली तरी दुसरी आहे, म्हणून मी निर्धास्त. मग एका रात्री चुकून ३० ते ३५ नंबरच्या कॅसेटींचा फोल्डर पुसला. दुसऱ्या डिस्कवरूनही तो त्याच क्षणी पुसला गेला, आज्ञाधारकच ती! सहा कॅसेटी पुन्हा उतरवल्या. कॅसेटी फेकल्या नव्हत्या म्हणून वाचलो. सीडींच्या वेळचं शहाणपण तेवढं कामाला आलं.

पीटर क्रोग नावाच्या एका फोटोग्राफरने सांगितलेला ३-२-१ असा एक साधा हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. माझ्याकडे घरातली एक आणि क्लाउडवरची एक आहे. तिसरी तुझ्याकडे राहणार आहे. ताईच्या मैत्रिणीबरोबर एक हार्ड डिस्क पाठवतोय, बाबांच्या कपाटात ठेव. पेन ड्राइव्ह मुद्दामच नाही पाठवत. त्यातली माहिती विजेच्या भारावर टिकलेली असते, वर्षानुवर्षं खणात पडून राहिला तर भरवसा नाही. हार्ड डिस्कसुद्धा सहा महिन्यांतून एकदा ताईच्या लॅपटॉपला जोडून फिरू द्या. फ्लॅकच्या प्रत्येक फाइलमध्ये आतल्या आवाजाचा अंगठा घेऊन ठेवलेला असतो. ताईला मी एक आज्ञा लिहून देईन, ती दिली की कॉम्प्युटर सगळे अंगठे ताडून पाहतो आणि एखादी फाइल सडली असेल तर नाव सांगतो. नाहीतर सडलेल्या फाइलीच्याच आपण भक्तिभावाने प्रती काढत बसू. आणि हो, ताईने २००४ साली लिहिलेल्या सीडीही तिला तपासायला सांग. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो, तो विटतो. तिने दिलेल्या पाचांतल्या दोन इथे उघडल्याच नाहीत.

आता मागणं. मला तुझी वही हवी आहे. ती निळ्या पुठ्ठ्याची, जिच्यात तू प्रत्येक कॅसेटीचा नंबर टाकून कोणत्या बाजूला कोण, कोणता राग, साथीला कोण, आणि काउंटर किती असताना गाणं सुरू होतं ते लिहायचीस. मी आणि ताई तुला ग्रंथपाल म्हणून चिडवायचो. आज माझ्याकडे ७१ कॅसेटींचा सुंदर आवाज आहे आणि निम्म्या गाण्यांना नाव नाही. निवेदन तू भरायचीच नाहीस, टेप वाचवायला. त्यामुळे कोण गातंय हे ओळखायला माझा कान आणि ताईचा अंदाज, आणि दोघांचं जमत नाही.

फाइलीत माहिती लिहायला खण असतात: गायक, अल्बम, गाण्याचं नाव. जुन्या एमपी३त नावाला ३० अक्षरांची जागा आणि तीही रोमन, देवनागरी लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं. फ्लॅकमध्ये देवनागरी व्यवस्थित बसतं आणि हवे तेवढे नवे खण पाडता येतात. मी राग, ताल, तबला, पेटी असे पाडलेत. (खणाचं नाव तेवढं रोमन अक्षरांत द्यावं लागतं.) पण कॉम्प्युटरला समजुतीने घेता येत नाही. मी एकीकडे "भीमपलास" आणि दुसरीकडे "भीमपलासी" लिहिलं तर तो दोन वेगळे राग धरतो. तू वहीत नुसतं "भी.प." लिहायचीस, तेच बरं होतं. यापुढे तू जसं लिहिलं असशील तसंच लिहिणार.

काउंटरच्या आकड्यांचीही मला गरज आहे. माझ्या डेकवर ते जुळणार नाहीत, कारण काउंटर मिनिटं मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो; रिकामं चाक भराभर फिरतं, टेप गुंडाळली गेली की सावकाश. म्हणून शंभर म्हणजे दोनशेच्या निम्मा वेळ नव्हे. पण तीनचार कॅसेटींवर ताळा घेतला की तुझ्या आकड्यांवरून मिनिटं काढता येतील, आणि एकाच फाइलीत सलग पडलेली गाणी नेमकी कुठे तोडायची ते कळेल.

वही पोस्टाने पाठवू नकोस. ताईला सांग, खिडकीजवळ उजेडात प्रत्येक पानाचा फोटो काढ, सावली पडू देऊ नकोस, आणि समासात काही लिहिलं असेल तर तेही येऊ दे.

दुसरी कबुली ४१ नंबरची. तू सगळ्या महत्त्वाच्या कॅसेटींच्या मागच्या खिट्या मोडून ठेवायचीस, वरून कुणी भरू नये म्हणून. ४१च्या एका भोकावर चिकटपट्टी आहे, म्हणजे वरून पुन्हा भरता येतं. ती मी लावली होती. दुसऱ्या बाजूला गाणं छान रंगात येतं आणि एकदम तुटतं. पुढे पावणेचार मिनिटं एक मुलगा एकट्यानेच क्रिकेटचं समालोचन करतोय, दोन्ही बाजूंचे खेळाडू आणि प्रेक्षकही तोच. मग पुन्हा गाणं, पण तोवर बंदिश संपून पुढची सुरू झालेली. तू कधी बोलली नाहीस. कदाचित ऐकलंच नसशील.

मी ते पुसलेलं नाही, आहे तसंच ठेवलंय. पण त्या पावणेचार मिनिटांच्या जागी काय होतं, ते फाइलीत लिहायचं आहे. ४१चं पान सगळ्यात आधी पाठव.

बाबांना नमस्कार. ताईला सांग, डिस्क पोचली की लगेच जोडून बघ.

तुझा,
धाकटा