पार्करच्या मैफलींची ध्वनिमुद्रणे दुय्यम नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जाझ संगीतावर सुरू झालेल्या लेखमालेतील चार्ली पार्करवरचा लेख वाचला. मराठी दैनिकाने अमेरिकेतील एका अल्टो सॅक्सोफोनवादकासाठी पाऊण पान राखून ठेवावे, ही आमच्यासारख्या मूठभर श्रोत्यांना सुखावणारी गोष्ट आहे, आणि लेख लिहिलाही जिव्हाळ्याने आहे. तथापि त्यातील एका मताबद्दल आणि दोन तपशिलांबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते. पार्करच्या प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे खरखरीने भरलेली असून ती संग्राहकांनी जपून ठेवावीत, नव्या श्रोत्याने मात्र सॅव्हॉय आणि डायल या कंपन्यांच्या स्टुडिओतील तबकड्यांपाशीच थांबावे, असे लेखकमहोदयांनी सुचविले आहे. तबकड्यांपासून सुरुवात करावी, हे मलाही मान्य आहे. पण तेथेच थांबणाऱ्याला पार्कर अर्धाच ऐकायला मिळेल.

स्टुडिओतील तबकड्यांच्या थोरवीविषयी वाद नाही. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉयसाठी वाजवलेले ‘को-को’ जेमतेम तीन मिनिटांचे आहे आणि त्या तीन मिनिटांनी पुढच्या पिढीच्या सॅक्सोफोनवादनाला वेगळे वळण लावले. परंतु ही तीन मिनिटे संगीताच्या गरजेतून आलेली नव्हती. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीत त्याहून फारसे जास्त मावतच नसे. त्या काळच्या बहुतेक धुना बत्तीस बारच्या, म्हणजे तालाच्या बत्तीस छोट्या विभागांच्या, असत. प्रत्येक बारच्या चार मात्रा धरल्या, तर एका आवर्तनाच्या १२८ मात्रा होतात, आणि मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत असे एक आवर्तन सुमारे ३८ सेकंदांत संपते. तीन मिनिटांत अशी पाच आवर्तनेही पुरती बसत नाहीत. त्यांतले पहिले धून मांडण्यात जाते, शेवटचे तिच्याकडे परतण्यात जाते, आणि उरलेल्या वेळात ट्रम्पेट व पियानो यांनाही वाटा द्यावा लागतो. पार्करच्या हाती एखादे आवर्तन, फार तर दीड उरते. ‘को-को’मध्ये त्याला चौसष्ट बारची दोन अखंड आवर्तने मिळाली, कारण ‘चेरोकी’ या ज्या गाण्याच्या स्वररचनेवर ते बेतलेले आहे, त्या गाण्याची चाल तेथे मांडलेलीच नाही. पहिल्या प्रयत्नात वादकांनी ती चाल सुरू केली होती आणि तेवढ्यात त्यांना थांबवण्यात आले, हे त्या अर्धवट राहिलेल्या ध्वनिमुद्रणात आजही ऐकू येते.

मराठी रसिकाला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून आपण आजही हेलावतो. परंतु तबकडी म्हणजेच खाँसाहेबांचे सगळे गाणे, असे कोणी जाणता श्रोता म्हणणार नाही. बैठकीत कलावंत एकच जागा चार वेळा चार तऱ्हांनी घेऊन पाहतो, एखादी फसते, फसलेली जागा सावरताना नवेच काही हाती लागते. साडेतीन मिनिटांत या सगळ्याला वाव नसतो, आणि स्टुडिओत तर फसलेला प्रयत्न बाजूला ठेवून पुन्हा वाजवण्याचीच पद्धत असते. पार्करचे संगीत मूळचे क्लबातले, रात्री उशिराचे. तेथे एक धून दहा-पंधरा मिनिटे चाले आणि त्याला सलग पाच-सहा आवर्तने घेण्याची मोकळीक असे.

शिवाय ज्या काळात हे संगीत घडत होते, त्यातला मोठा भाग स्टुडिओबाहेरच राहिला. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने, तिचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली, १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला आणि मोठ्या कंपन्यांपैकी काहींशी तडजोड होण्यास १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. पार्कर आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी १९४३ मध्ये अर्ल हाइन्सच्या वाद्यवृंदात एकत्र होते, पण त्या वाद्यवृंदाची एकही व्यावसायिक तबकडी त्या काळात निघाली नाही. त्या महिन्यांतला पार्कर ऐकायचा, तर बॉब रेडक्रॉस नावाच्या मित्राने फेब्रुवारी १९४३ मध्ये शिकागोतील एका हॉटेलच्या खोलीत घरगुती यंत्रावर उतरवून घेतलेल्या तबकड्यांकडेच वळावे लागते. त्यांत पार्कर अल्टोऐवजी त्याहून खालच्या पट्टीचा टेनर सॅक्सोफोन वाजवतो, कारण हाइन्सकडे त्याची जागा टेनरवादकाची होती. पुढे पार्करने आपल्या एका धुनेला या मित्राचेच नाव दिले. खरखरीची तक्रार करण्यापूर्वी, हा दस्तऐवज नसता तर त्या वर्षाचे आपल्याकडे काय उरले असते, याचा विचार लेखकमहोदयांनी करावयास हवा होता.

आता पहिला तपशील. डीन बेनेडेट्टी हा पार्करचा वेडा चाहता तारेवर ध्वनिमुद्रण करणारे यंत्र घेऊन वर्षानुवर्षे त्याच्या मागे गावोगाव फिरला, असे लेखात म्हटले आहे. ही दंतकथा फार जुनी आहे आणि पार्करच्या चरित्रलेखनातून ती पसरली. प्रत्यक्षात बेनेडेट्टी स्वतः अल्टो सॅक्सोफोन वाजवणारा होता आणि त्याच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांत तारेचा संबंध नाही. मार्च १९४७ च्या पहिल्या पंधरवड्यात लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबमध्ये, हॉवर्ड मॅगी याच्या संचासोबत पार्कर वाजवत असताना, त्याने सुरुवातीला ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लॅकरचा थर दिलेल्या कोऱ्या तबकड्यांवर हे वादन टिपले, आणि पुढे तो कागदी फितीकडे वळला. त्यानंतरची ध्वनिमुद्रणे न्यूयॉर्कची आहेत : मार्च १९४८ मधील थ्री ड्यूसेसची आणि जुलै १९४८ मधील ऑनिक्स क्लबची. म्हणजे सारा व्याप सोळा-सतरा महिन्यांचा आणि मोजक्या ठिकाणांचा. बेनेडेट्टी १९५७ मध्ये इटलीत वारला. त्याचा ठेवा त्याच्या भावाकडे राहिला, आणि मोझॅक या कंपनीने तो मिळवून १९९० मध्ये सात सीडींच्या संचात प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूकेसीआर नभोवाणी केंद्रावर पार्करवर अनेक वर्षे कार्यक्रम करणारे फिल शाप यांनी त्याच्या पुनरुद्धाराचे जिकिरीचे काम केले.

या संचाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझा आग्रह आणि माझी अडचण दोन्ही त्यातच आहेत. बेनेडेट्टीने पार्करचेच एकल वादन टिपले. पार्कर थांबला की यंत्र थांबे. कोऱ्या तबकड्या महाग होत्या, एका बाजूवर काही मिनिटेच मावत, आणि त्याला स्वतःच्या रियाजासाठी पार्करची वाक्ये हवी होती. त्यामुळे त्याच्या दृष्टीने हे काटकसरीचे आणि शहाणपणाचेच होते. श्रोत्याला मात्र पहिल्यांदा हे सहन होत नाही. माझ्याकडे हा संच आला, तेव्हा तासाभरातच मी तो मिटवून कपाटात ठेवला होता, हे कबूल करतो. धून नाही, सुरुवात नाही, शेवट नाही. दारातून आत शिरावे तो कार्यक्रम मध्यावर आलेला, आणि बसावे तो संपलेला. कित्येक महिन्यांनी तो पुन्हा काढला आणि एका वेळी चार-पाच तुकडे, तेही एकाच धुनेचे निरनिराळ्या रात्रींचे, असे ऐकू लागलो, तेव्हा त्याचे मोल कळले. तीच धून, तेच स्वरांचे वळण, आणि काल ज्या वाक्याने तो आत शिरला होता, ते आज त्याने आवर्तनाच्या मधोमध टाकले आहे, परवा ते अर्धेच उच्चारून सोडून दिले आहे. कॅमरिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात सुमारे सहा महिने काढून तो जानेवारी १९४७ च्या अखेरीस बाहेर आला होता, आणि त्यानंतर पाच-सहा आठवड्यांतच हे वादन झालेले आहे. त्याच्या वाजवण्यातला मोकळा श्वास स्टुडिओतल्या एखाद-दुसऱ्या तबकडीवरून उमगला नसता.

परंतु लेखकमहोदयांच्या बाजूने बोलायचे, तर या ठेव्यातील हानीही मान्य करावी लागते, आणि ती खरखरीहून मोठी आहे. न्यूयॉर्कच्या त्या वादकसंचात ट्रम्पेटवर माइल्स डेव्हिस आणि त्याच्याबरोबर ड्यूक जॉर्डन, टॉमी पॉटर व मॅक्स रोच होते. मार्च १९४८ मध्ये डेव्हिसचे वय एकवीस होते. त्याच वर्षी संघटनेचा दुसरा बहिष्कार चालू होता, त्यामुळे सप्टेंबरात सॅव्हॉयसाठी आडून केलेली काही ध्वनिमुद्रणे वगळता पार्करला स्टुडिओ बंद होता. अशा वर्षी हा संच क्लबात पूर्ण वाजवत असताना ट्रम्पेट पुढे आला की बेनेडेट्टीचे यंत्र बंद पडत असे. पार्करचा शेवटचा स्वर, रोचच्या ड्रमचा एक ठोका, आणि शांतता. तेथे डेव्हिसने काय वाजवले, हे त्या फितीवरून आता कधीच कळणार नाही. भक्ताच्या हाती लेखणी असली की देवाचेच चरित्र लिहिले जाते, मंडपातल्या इतरांचे नाही. फेब्रुवारी १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट निकोलस अरीनातील नृत्याच्या कार्यक्रमात जिमी नेपर आणि जो मायनी या दोघा तरुण वादकांनी पार्करला टिपले, तेव्हाही त्यांनी बहुतांशी हाच कित्ता गिरवला. नेपर हा पुढे नावाजलेला ट्रॉम्बोनवादक. त्याच्यासारख्यालाही इतरांचे वादन वगळावेसे वाटले, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

दुसरा तपशील टोरोंटोच्या मॅसी हॉलमधील १५ मे १९५३ च्या मैफलीचा आहे. पार्कर, गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांची ही मैफल लेखात प्रत्यक्ष कार्यक्रमाचे जसेच्या तसे ध्वनिमुद्रण म्हणून गौरविली आहे, आणि गंमत म्हणजे मैफलींच्या ध्वनिमुद्रणांपैकी तेवढ्या एकालाच लेखकाने अपवाद केले आहे. वस्तुतः ज्या तबकड्या बाजारात आल्या, त्यांत मिंगसने नंतर स्टुडिओत आपला बास पुन्हा वाजवून भरला होता, कारण मूळ ध्वनिमुद्रणात तो फारच क्षीण आला होता. मिंगस आणि रोच यांचीच डेब्यू ही कंपनी असल्यामुळे हे करणे त्याच्या हातात होते. पार्कर दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने वेष्टनावर त्याचे नाव ‘चार्ली चॅन’ असे छापले गेले. त्या संध्याकाळी शिकागोत रॉकी मार्सियानो आणि जर्सी जो वॉलकॉट यांची मुष्टियुद्धाची लढत होती आणि सभागृह अर्धेही भरले नव्हते, हे लेखात आले आहे. पार्करच्या हातात त्या दिवशी ग्राफ्टन कंपनीचा प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन होता, हे मात्र राहून गेले.

नव्या श्रोत्याला मी बेनेडेट्टीच्या संचापासून सुरुवात करावयास सांगणार नाही. सप्टेंबर १९४८ ते मार्च १९४९ या काळात ब्रॉडवेवरील रॉयल रूस्ट क्लबातून पहाटेच्या सुमारास थेट प्रक्षेपण होत असे आणि सिंफनी सिड हा निवेदक ते सादर करीत असे. बोरिस रोझसारख्या छांदिष्टांनी ते घरबसल्या रेडिओवरून उतरवून घेतले. यांत धुना पूर्ण आहेत, सर्व वादकांचे वादन आहे, निवेदकाची बडबडही आहे, आणि आवाज सुसह्य आहे. २५ डिसेंबर १९४८ च्या पहाटे पार्करने ‘व्हाइट ख्रिसमस’ वाजवले, तेव्हा त्याने त्या गोड चालीची थट्टा केली आहे की तिला मनापासून गोंजारले आहे, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. त्यानंतर २२ जून १९४५ चा न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमधील कार्यक्रम ऐकावा. हे ध्वनिमुद्रण साठ वर्षांनी, २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. पार्कर वेळेवर न आल्यामुळे पहिल्या धुनेत त्याच्या जागी डॉन बायस वाजवतो, आणि मग मध्येच पार्कर येऊन दाखल होतो. असा प्रसंग स्टुडिओच्या तबकडीत राहिला नसता, काढून टाकला गेला असता.

या ध्वनिमुद्रणांतील पुष्कळशी वादकांच्या संमतीवाचून झाली आणि काहींनी ती निरनिराळ्या बनावट छापांखाली विकलीही, ही गोष्ट नोंदवली पाहिजे. चौतिसाव्या वर्षी, १२ मार्च १९५५ रोजी वारलेल्या पार्करला त्यातून काही मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडेही बैठकीत चोरून टेपरेकॉर्डर लावणाऱ्यांवर गवई संतापत असत, आणि त्यांचा संताप रास्त होता. त्याच टेप आज आपण डोळे मिटून ऐकतो.

लेखमालेचा पुढील भाग जॉन कोल्ट्रेनवर असल्याचे जाहीर झाले आहे. तो लिहिताना थेलोनियस मंकसोबतच्या २९ नोव्हेंबर १९५७ च्या कार्नेगी हॉलमधील कार्यक्रमाचा लेखकमहोदयांनी अवश्य विचार करावा, अशी विनंती आहे. व्हॉइस ऑफ अमेरिकाने केलेल्या त्या फिती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात पडून होत्या आणि २००५ मध्ये लॅरी ॲपलबॉम यांच्या नजरेस आल्या. तेथे यंत्र कोणा भक्ताच्या हाती नव्हते, त्यामुळे मंकचा पियानो, अहमद अब्दुल-मलिकचा बास आणि शॅडो विल्सनचे ड्रम पहिल्या स्वरापासून शेवटच्या टाळीपर्यंत शाबूत आहेत.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली