प्रवेशाचे आकडे छापता, गळतीचेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत समान संधी केंद्र, तक्रार निवारण समिती, दिव्यांग कक्ष अशी यादी न चुकता छापून येते. या समित्या हव्यातच. पण एखादे महाविद्यालय सगळ्यांना खरोखर सामावून घेते की नाही, हे पाहायला मला एकच आकडा महत्त्वाचा वाटतो, आणि तो त्या माहितीपत्रकांत छापला जात नाही. ज्यांना प्रवेश दिला त्यांतले किती जण शेवटपर्यंत टिकले आणि जे गेले ते का गेले, हे आपण विचारतच नाही.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात बरीच वर्षे शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले. मध्येच शिक्षण सोडणारा विद्यार्थी टीसीसाठी अर्ज करतो, त्यात कारणाचा रकाना असतो. त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘घरगुती अडचण’ असे लिहिलेले असते. फी थकली म्हणून रोज कार्यालयात उभा केलेला मुलगा तेच लिहितो. ज्याला इंग्रजीतून शिकवलेले समजत नाही आणि विचारायची भीती वाटते, तो तेच लिहितो. वसतिगृहात आडनाव विचारून वेगळी पाडली गेलेली मुलगीही तेच लिहिते. अर्जावर शिक्का बसतो, फाइल कपाटात जाते आणि महाविद्यालयाच्या लेखी ती अडचण त्या घराची ठरते.

महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनासाठी महाविद्यालये आजवर जे अहवाल भरत आली, त्यांत राखीव जागांवर किती प्रवेश झाले हे विचारलेले असे. निकालाची टक्केवारीही असे, पण ती अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसलेल्यांची. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी गेलेला विद्यार्थी त्या हिशेबात येतच नाही. शंभरातले चाळीस वाटेतच गेले आणि उरलेले सगळे पास झाले, तरी निकाल शंभर टक्के!

मोठ्या संस्थांत वेगळे चित्र आहे असेही नाही. केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी आणि आयआयएम यांतून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी प्रवर्गांतले १३,६०० हून अधिक विद्यार्थी बाहेर पडले, अशी माहिती सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये लोकसभेत दिली. विद्यार्थ्यांपुढे अनेक पर्याय असतात, ते संस्था किंवा अभ्यासक्रम बदलतात, असेही तेव्हा सांगण्यात आले. काहींच्या बाबतीत ते खरे असेलही. पण कोण चांगल्या संधीसाठी गेला आणि कोण हरून गेला, हे नुसत्या बेरजेवरून कसे कळणार?

आपल्याकडे हा विचार नवा नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या हे सगळ्यांना पाठ असते. त्याच काळात त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहांची रांग उभी केली, हे मला तितकेच मोठे वाटते. खेड्यातले पोर शाळेत नाव घातल्याने टिकत नाही, त्याला राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण लागते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात जे वसतिगृह काढले, तिथे सगळ्या जातींची मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. या माणसांनी शिक्षणाची व्यवस्थाच मुलांच्या गरजेप्रमाणे बदलली.

आज काय बदलायला हवे, हे गळतीची खरी कारणे लिहून ठेवली तर आपोआप दिसेल. शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरीही ‘आधी भरा, महाडीबीटीचे (म्हणजे शासनाच्या ऑनलाइन शिष्यवृत्तीचे) पैसे आले की परत देऊ’ हे वाक्य कितीतरी खिडक्यांवर ऐकू येते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी मिळणारे स्वाधार योजनेचे पैसे वर्ष उलटत आले तरी जमा होत नाहीत, खोलीचे भाडे मात्र दरमहा द्यावे लागते. भटक्या-विमुक्तांच्या मुलांची गोष्ट तर आणखी कठीण. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा गाढवावर बिऱ्हाड टाकून गावोगाव फिरले, त्यांनी तो कुठून आणायचा? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, आणि शिष्यवृत्ती नाही म्हणून मुलगा सेंटरिंगच्या कामावर जातो. महाविद्यालयाने एक माणूस तहसील कार्यालयातल्या पाठपुराव्यासाठी नेमला, तर अशी कितीतरी मुले वाचतील. तिसऱ्या मजल्यावर परीक्षा आणि लिफ्ट बंद, ही दिव्यांग विद्यार्थ्यांची तक्रार तर प्राचार्यांच्या एका सहीने सुटू शकते.

जातिभेदाच्या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये नियम केले. समान संधी केंद्र आणि भेदभावविरोधी अधिकारी तेव्हापासून आवश्यक आहेत. तरी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला या संशोधक विद्यार्थ्याने आणि २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या जळगावच्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली; दोन्ही वेळा जातीवरून छळ झाल्याचे आरोप झाले. या दोघांच्या मातांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. नियम कसे असावेत यावर वाद सुरू आहे, तो होऊ द्या. पण गळतीचा आकडा जाहीर करायला कोणत्याही निकालाची वाट पाहावी लागत नाही.

काही प्राध्यापक म्हणतात, खुल्या प्रवर्गातलीही मुले शिक्षण सोडतात, मुलींची लग्ने होतात. अगदी बरोबर. तेही लिहा. लग्नामुळे किती मुली दुसऱ्या वर्षी गेल्या, हे कळले तर त्यांना परत आणायचा विचार तरी होईल. नावे छापू नयेत, फक्त संख्या द्यावी. कारण विचारण्याचे काम कार्यालयाने करू नये. ज्याची भीती वाटत नाही अशा बाहेरच्या व्यक्तीने ते टीसी हातात पडल्यानंतर करावे.

गळतीचे आकडे आणि कारणे जाहीर करण्याचा नियम विद्यापीठांच्या अधिसभांनी (सिनेटनी) येत्या वर्षापासून लागू करावा अशी माझी विनंती आहे. आणि एक विनंती आपल्याला. आपले वृत्तपत्र दरवर्षी महाविद्यालयांचे कटऑफ ठळक छापते. या वर्षी आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाला एवढेच विचारावे: तीन वर्षांपूर्वी प्रवर्गनिहाय किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यांतल्या किती जणांच्या हातात यंदा पदवी पडली? जी उत्तर देतील त्यांचे आकडे कटऑफशेजारी छापावेत, जी देणार नाहीत त्यांची नावे छापावीत.

आपला,
एक निवृत्त महाविद्यालयीन कर्मचारी, सातारा